सरकीचे डोळे

मुलं म्हणजे ओल्या मातीचा गोळा, असं भाषणात म्हणणाऱ्यांना मी एकदा पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात माझ्या पहिलीच्या वर्गात आणून बसवायला हवं होतं. ओली माती मुलांच्या केसांत असते, फळ्यावर असते, माझ्या साडीच्या निऱ्यांवर असते. मुलं मात्र घरून घडूनच आलेली असतात, आणि ऐकत कुणाचंच नाहीत.

वर्ध्याजवळच्या आंजीच्या पुढे, नाल्याकाठच्या एका गावात आमची शाळा. आमच्याकडे मोठ्या बैलांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा. मुलं आपापले छोटे बैल घेऊन दारोदार जातात आणि लोक त्यांना खाऊ, पैसे देतात. त्याला बोजारा म्हणायचं. बाजारात चाकांचे, रंगवलेले लाकडी बैल मिळतात, पण ते सगळ्यांकडे नसायचे. म्हणून मी वर्गात मातीचे करून घ्यायची. नाल्याची माती, तुरीच्या वाळक्या तुराट्यांचे पाय, जुन्या साडीच्या काठाची झूल. प्रशिक्षणात याला ‘कमी खर्चाचं साहित्य’ म्हणतात. आमच्याकडे मुळात खर्चच नव्हता, तर कमी कुठून होणार!

माझा एक नियम होता. सण झाला की सगळे बैल बादलीत. पाण्यात भिजून त्यांची परत माती व्हायची, ती मी ओल्या पोत्याखाली झाकून ठेवायची, आणि पुढच्या वर्षीची मुलं तिच्यातूनच आपले बैल करायची. दर वर्षी रडारड व्हायची. मी बधायची नाही.

एका वर्षी डोळ्यांना लावायचे मणी संपले. मी म्हटलं, सरकी लावा. घरोघरी वातींसाठी ठेवलेला कापूस असतोच. मुलांनी त्यातल्या बिया काढल्या आणि ओल्या मातीत दाबल्या. पावसाळी हवेत बैल काही वाळेनात. चारपाच दिवसांनी वर्ग उघडला, तर खिडकीतल्या निम्म्या बैलांच्या डोळ्यांतून हिरवे कोंब वर आलेले.

“मॅडम, बैलाच्या डोयातून पऱ्हाटी निंगाली!”

अख्खी शाळा ती कापसाची रोपं बघायला लोटली. कापसाच्या मुलखात जन्म काढलेल्या बाईला सरकी ओल्यात उगवते एवढं सुचू नये! मुख्याध्यापक म्हणाले, “मॅडम, पीक विमा काढून घ्या.” मी पण पोट धरून हसले.

एकच मुलगी हसत नव्हती. बोलायची कमी, पण मधल्या सुट्टीत मातीच्या हातानं माझी करंगळी धरून अंगणभर फिरायची. माझी दोन्ही मुलं तोवर मोठी होऊन शहरात गेली होती. करंगळी धरणारं घरात कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे साडीला डाग पडले तरी मी तिचा हात सोडवला नाही. तिच्या जोडीतल्या एकाही बैलाला कोंब आला नव्हता.

“माह्या बैलाचे काऊन नाई उगवले?”

“झोपलेत ते. उघडतील डोळे.” मी आपलं काहीतरी सांगून वेळ मारून नेली. तिनं ते खरं मानलं. त्या दिवसापासून शाळेत आली की दप्तर ठेवायच्याही आधी ती खिडकीशी जायची आणि वाकून बैलांचे डोळे बघायची.

तान्हा पोळा झाला. बैल बादलीत घालायच्या दिवशीच तिची आई तिला घेऊन आली. वडिलांना दूर कुठेतरी बांधकामावर काम लागलं होतं, सगळं बिऱ्हाड निघालं होतं. “तिकडच्या शाळेत घालतो, मॅडम. चिंता नका करू,” आई म्हणाली. मुलीनं खिडकीतला एक बैल उचलून छातीशी धरला. दुसरा माझ्या हातात दिला.

“याले बादलीत नका टाकू. पुढच्या तान्ह्या पोयाले मी येईन, मंग जोडी लावू. एकट्या बैलाले कोनी बोजारा देत नाई.” दारापर्यंत गेली आणि परत वळली. “आन् याचे डोये रोज पाहाजा.”

पुढच्या पोळ्याला मी तो बैल टेबलावर मांडून ठेवला. ती आली नाही. आधी आईचा फोन लागायचा, मग नंबरच बंद झाला. गावातलं त्यांचं घर दुसऱ्यांनी घेतलं. दर पोळ्याला नवी मुलं विचारायची, “मॅडम, हा एकटाच काऊन?” मी म्हणायची, याची जोडी येऊन राहिली, येईलच. एवढं म्हणून मी फळ्याकडे तोंड करायची.

यंदा मी निवृत्त झाले. बैल रुमालात गुंडाळून वर्ध्याला घरी आणला. आता ती कॉलेजच्या वयाची असेल, मातीत हात घालत नसेल, कदाचित मला ओळखणारही नाही. हे सगळं मला कळतं. तरी तान्ह्या पोळ्याला गल्लीतली मुलं लाकडी बैल घेऊन दारात आली, तेव्हा बोजारा देता देता मी प्रत्येकीच्या तोंडाकडे बघत होते. पहिलीतलंच तोंड शोधत होते मी, वेडी.

त्याच संध्याकाळी बैल उचलायला गेले आणि तो हातातच दुभंगला. पाय निखळले, पाठीवरचा तिच्या अंगठ्याचा ठसा मधोमध चिरला. मी ते तुकडे ओंजळीत गोळा केले. मग नियमाप्रमाणे पाणी घेतलं. बादली शाळेत राहिली, म्हणून खिडकीतल्या एका कुंडीत ते सगळे तुकडे भिजवले. दोन्ही सरक्या तेवढ्या वर राहू दिल्या.

इतक्या वर्षांची सरकी उगवत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण सकाळी उठले की चहा ठेवायच्याही आधी मी खिडकीशी जाते आणि वाकून बघते.