होळीत पडलं ते होळीचं

बसा, चहा येतोय. तोवर एक पैज लावूया? मी सांगतो, शेवट तुम्ही ओळखायचा. ओळखलात तर चहा माझा. नाही ओळखलात तर चहा तुमचा, वर खारी पण तुमची. हसताय काय? आजवर एकाला जमलेलं नाही. गेलं वर्षभर फुकटची खारी खातोय मी.

पण आधीच सांगतो, किस्सा हसायचा असला तरी सांगताना माझं डोकं फिरतं. कोणावर विचारता? एकदोघं असते तर नावं घेतली असती. सगळ्यांवरच फिरतं. आणि सगळ्यात जास्त ज्याच्यावर फिरतं, ते गाढव तुमच्यासमोर बसलंय.

घाटकोपरला टेकडीवर आमची चाळ. एकाहत्तरची लढाई संपली होती, पण आमच्या चाळीत कुठली संपायला! खिडक्यांच्या काचांवर ब्लॅकआउटचे काळे कागद तसेच. आणि शूरवीर तर जिन्याजिन्यात! ज्यांनी जन्मात उंदीर मारला नाही ते सांगायचे, "आपण थांबायलाच नको होतं. अजून आत घुसायला पाहिजे होतं." अरे, तुला नळाच्या रांगेत घुसता येत नाही, तू कुठे घुसतोस!

बापांचं बघून पोरांचं. फळकुटाला सुतळी बांधली की झाली बंदूक. दिवसभर जिन्यात ठो ठो. शेजारच्या चाळीतली पोरं म्हणजे शत्रू. एकाचं डोकं फुटलं, तर त्याच्या बापानं पेढे वाटले! बोला आता.

आमच्यात खरा लढलेला माणूस एकच. राणे हवालदार. पहिल्या मजल्यावर, माझ्या खोलीला लागून त्याची खोली. पासष्टच्या लढाईत सुरुंगावर उजवा पाय गेला, पार मांडीपासून. तो एकटा कुबड्या टेकत दारोदार फिरायचा. "पोरांच्या हातात बंदुका देऊ नका रे. खेळणं नाही ते." लोक त्याच्या तोंडावर हो हो म्हणायचे आणि पाठ वळली की म्हणायचे, हवालदार डोक्यानं हललाय.

एक दिवस मला म्हणाला, "बाळ्या, यंदा होळी बंदुकांची करायची. चाळीतली एकूण एक बंदूक उचलायची नि जाळायची."

"त्यानं लढाया थांबणार काय?"

"मोठे देश त्यांच्या तोफा कमी करतील तेव्हा करतील. आपण आपला जिना तर मोकळा करू."

"पण पोरं देतील काय?"

"मागतोस कशाला? होळीचं लाकूड कोण विचारून नेतं?"

हे मात्र लाख बोलला. होळीच्या आधी लाकूड चोरायचं हा आमचा जन्मसिद्ध हक्क. स्टूल, पाट, खाट, दाराची फळी, हाताला लागेल ते आपलं. आणि कायदा एकच. एकदा होळीवर पडलं की मालकाला परत नाही. रडा, भांडा, आईबाप काढा. होळीत पडलं ते होळीचं! या कामात मी अख्ख्या टेकडीत एक नंबर. जेवायला बसलेल्या माणसाच्या बुडाखालचा पाट काढून नेलाय मी. त्याला कळलं तेव्हा तो ताक पीत होता.

तर बंदुकांची होळी ठरली. पण हवालदाराचा सगळा जीव अडकला होता दुसरीकडेच. विक्रोळीच्या एका कारखान्यात, मी पण तिथेच रंगखात्यात, गेटवर माणूस घ्यायचा होता. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी साहेबानं त्याला बोलावलं होतं. अट काय? कुबड्या चालणार नाहीत, दोन पायांवर उभा राहणारा माणूस पाहिजे. पेन्शन म्हणजे चिमूटभर, वहिनी पापड लाटून लाटून वाकलेल्या, पोरगी लग्नाला आलेली. ही नोकरी मिळाली तर घर उभं राहणार होतं.

"हवालदार, जमवणार कसं?" मी विचारलं.

तो मिशीत हसला. "होळीच्या संध्याकाळी बघशील."

आणि मला मेल्याला तेव्हाही अक्कल आली नाही!

होळीच्या दुपारी मी आणि पोरं बंदुका उचलत फिरत होतो. फिरता फिरता हवालदाराच्या गॅलरीत नजर गेली. पाण्याच्या पिंपामागे काहीतरी उभं. गोणपाटात शिवलेलं, लांबलचक, खालचं टोक बंदुकीच्या दस्त्यासारखं वाकडं, आणि शिवणीतून बाहेर लोंबतोय चामड्याचा पट्टा. वर बक्कल!

मी म्हटलं, वा रे वा! लोकांच्या पोरांच्या बंदुका जाळतोस आणि स्वतः घरात खरीखुरी लपवून ठेवतोस? थांब, तुझी जिरवतोच.

उघडून बघायचं ना? पण उघडलं असतं तर गंमत कुठे राहिली? मला सगळ्या चाळीसमोर पचका करायचा होता. तसंच उचललं, होळीच्या पार टोकाला बांधलं, वर एरंडाची फांदी खोचली. झकास!

संध्याकाळी आमच्या वॉर्डाचे पुढारी भाऊसाहेब आले होळी पेटवायला. दर सव्वीस जानेवारीला हे हवालदाराला शाल द्यायचे. इतक्या शाली झाल्या की वहिनींनी त्यांची गोधडी शिवली होती. आजही काखेत शाल होतीच. भाषण सुरू. "आमचे वीर जवान! आमचे हात, आमचे पाय..." अर्धा तास! होळी पेटवली तेव्हा कुठे आमची सुटका झाली.

ज्वाळा चढल्या तशी आम्ही सगळ्यांनी तोंडावर हात मारून बोंब ठोकली. होळीची बोंब ती! ढोल, बोंब, शिव्या, कानठळ्या बसल्या. तेवढ्यात वर गॅलरीत वहिनी आल्या. दोन्ही हात वर करून त्या पण ओरडायला लागल्या. एरवी शब्द न बोलणारी बाई!

"बघा बघा, वहिनी पण बोंब मारतायत!" मी ओरडलो. "शाब्बास वहिनी! अजून जोरात!"

त्या अजून जोरात. आम्ही पण अजून जोरात. त्यांनी कपाळ बडवलं, मी पण माझं बडवलं, म्हटलं काय रंगात आल्यात आज!

मग मी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. आपली गंमत सांगायची वेळ झाली होती ना! "मंडळी, होळीच्या टोकाला काय आहे ठाऊक आहे? आपल्या राणे हवालदाराची बंदूक!"

हशा पिकला. आणि हशा ओसरला तसा वरून वहिनींचा आवाज स्पष्ट आला.

"अरे मेल्यांनो, बंदूक नाय ती! पाय आसा! माझ्या घोवाचो पाय!"

सगळी चाळ वर बघायला लागली. मग होळीकडे बघायला लागली. नेमकं तेव्हाच गोणपाट जळून खाली गळलं. आणि ज्वाळेतून एक बूट बाहेर आला. काळा. पॉलिश केलेला. वर लाकडाची पोटरी, गुडघा, मांडी.

किती वर्षं खेटे घालून त्याला तो पाय मिळाला होता. सकाळीच पुण्याहून आणला होता, कोणाला न सांगता. संध्याकाळी तो लावून, दोन पायांवर जिना उतरून, सगळ्यांसमोर होळीपाशी यायचं होतं त्याला.

मी बांबू घेऊन धावलो. तर आमचे शूरवीर मध्ये! "होळीतलं परत काढायचं नसतं, बाळ्या. अपशकुन होतो."

"अरे पाय आहे तो त्याचा!"

"तूच नेहमी सांगतोस ना, होळीत पडलं ते होळीचं?"

माझाच कायदा माझ्याच थोबाडावर! ढकलाढकली झाली, दोघांना मी हाणलं, दोघांनी मला हाणलं. शेवटी बांबूला लागून बाहेर आलं ते फक्त बक्कल.

हवालदार कुबड्यांवर एकेक पायरी उतरून आला. होळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं कुबडी डोक्यात घालेल. घातली असती तर बरं झालं असतं. म्हणाला, "बाळ्या, सुरुंग परवडला रे. तो निदान खी खी करत येत नाही."

भाऊसाहेबांना मात्र फोटोची घाई. पुढे झाले आणि हवालदाराच्या खांद्यावर शाल टाकली. हवालदारानं ती काढली, नीट घडी केली आणि होळीत भिरकावली.

"अहो, शाल होती ती!" भाऊसाहेब किंचाळले.

"होळीत पडलं ते होळीचं," हवालदार म्हणाला.

दुसऱ्या दिवशी धुळवड. मला कोणी रंग लावला नाही. माझ्या बायकोनंसुद्धा नाही.

त्याच्या पुढच्या दिवशी सकाळीच मी हवालदाराच्या दारात जाऊन पाठ करून बसलो. म्हटलं, "चढ."

"कशाला?"

"विक्रोळीला जायचंय ना? तुझा पाय मी जाळला, आता पाय मीच. चढतोस की बोंब मारू?"

टेकडीच्या पायऱ्या उतरलो, बसमध्ये चढलो. कंडक्टर म्हणतो, "एक तिकीट की दोन?" हवालदार वरून म्हणाला, "दीड द्या. अर्धा मी आहे."

कारखान्यात साहेबानं चष्मा वर केला. "कोण तुम्ही?"

माझ्या पाठीवरून कडक सॅल्यूट. "हवालदार राणे, सर!"

"आणि हा खालचा?"

"हा माझा उजवा पाय, सर. जरा बडबड्या आहे."

"हे बघा, आम्हाला उभा राहणारा माणूस पाहिजे."

"साहेब, उभा राहिलो म्हणून तर पाय गेला. तेव्हा बसलो असतो तर आज दोन्ही असते."

साहेब टेबलाकडे बघत म्हणाला, "आम्हाला सहानुभूती आहे. पण नियम आहे."

अशी टाळक्यात गेली माझ्या! त्याला तिकडे पाठवला तेव्हा कोणी विचारलं होतं का, अर्धा परत आलास तर काय? तेव्हा नियम नव्हता. लढाई चालू असली की तो वीर जवान. लढाई संपली की तो गेटवरचा अडथळा. लेको, सहानुभूती काय चहात बुडवून खायची?

मी त्याला उचलला, बाहेर आणला आणि गेटच्या समोर, रस्त्याच्या कडेला स्टूल टाकून बसवला. मग टेकडीवरच्या आमच्या कामगारांना सांगितलं, "पास दाखवायचा तो हवालदाराला. गेटवाल्याला नाही."

शिफ्ट सुटली, शिफ्ट लागली. सगळे स्टुलापाशी थांबणार, पास दाखवणार, हवालदार प्रत्येकाचा नीट बघणार, मगच आत. पार लांबपर्यंत रांग! दोन माणसं तर जुने पास घेऊन आत शिरत होती, ती हवालदारानं पकडली. साहेबाचा गेटवाला त्या वेळी उभ्या उभ्या पेंगत होता. चौथ्या दिवशी साहेब स्वतः बाहेर आला. मागून शिपाई खुर्ची घेऊन आला आणि गेटच्या आत ठेवली.

झाली नोकरी! तुम्हाला वाटलं हाच शेवट? खारी मागवा.

नोकरी झाली, पण पाय कुठे होता? सरकारचं म्हणणं, दिलेला पाय सांभाळला का नाही? कसा गेला? म्हटलं, होळीत. ते म्हणाले, असा पाय जात नसतो. नवा यायला तीन पावसाळे लागले. तोवर रोज टेकडी उतरायची त्याला घेऊन, संध्याकाळी चढायची त्याला घेऊन. वर बसून हा हुकूम सोडणार, "लेफ्ट! राइट! बाळ्या, स्टेप चुकली!" वाटेत एखाद्या पोराच्या हातात बंदूक दिसली की मला थांबवायचा आणि वरूनच भाषण. पोरगं बंदूक देईपर्यंत मी ओझ्याखाली उभा. माझी हाडं बघून पोरांना दया यायची बहुतेक, पटापट द्यायची. एवढं खरं, की आमचा जिना मोकळा झाला. ठो ठो बंद.

मग पाय आला. हवालदार दोन पायांवर गेटवर उभा राहिला, रिटायर होईपर्यंत. पोरीचं लग्न झालं. आणि त्या तीन पावसाळ्यांत माझा गुडघा गेला. उजवाच! डॉक्टर म्हणाला, आता काठीशिवाय पाऊल टाकायचं नाही. चांगली शिसवीची काठी घेतली, जाडजूड, रबराचं बूड लावलेली.

गेल्या होळीला दुपारी जरा डोळा लागला. उठलो तर काठी नाही. कसाबसा भिंत धरून गॅलरीत आलो. खाली होळी भडकलेली, ढोल वाजतायत, आणि पार टोकाला माझी काठी. मी दोन्ही हात वर करून ओरडलो, कपाळ बडवलं, घसा फाडला.

खालून सगळी चाळ ओरडली, "शाब्बास आजोबा! अजून जोरात!"