पापडीच्या झालरीतला कोंबडा

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कोणी भुताटकीचा किस्सा टाकला की पहिला खिल्ली उडवणारा मीच. "पुरावा दाखव" म्हणून भांडायचो लोकांशी. आता स्वतःच लिहायला बसलोय... हसायचं तर खुशाल हसा, पण आधी पूर्ण वाचा.

मी संतोष. राहायला विरार ईस्टला, फुलपाड्यात. धंदा सुतारकामाचा, त्यातही जुन्या घरांच्या लाकडी नक्षीचा. गेल्या वर्षी वसईजवळ पापडीला एक काम मिळालं. व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं घर, पुढे लांब व्हरांडा, खिडक्यांना रंगीत काचा, आणि छपराच्या कडेला सागवानी झालर. प्रत्येक फळीत एकच नक्षी आरपार कोरलेली, पानांच्या मध्ये चार पाकळ्यांचं फूल. झालरीतल्या दोन फळ्या गायब होत्या, एक पुढच्या कोपऱ्यात, एक मागे विहिरीकडे.

घरमालकीण रेजिना आंटी. त्यांचे मिस्टर आग्नेल अंकल विस्मरणाच्या आजाराने अगदी खचलेले. छप्पर धोक्याचं झालं म्हणून मुलीने त्यांना आपल्या फ्लॅटवर नेलं होतं. तिथे ते दिवसभर "घरी चला" म्हणायचे, आणि घरी आणलं की "हे माझं घर नाही" म्हणून घाबरून रडायचे. मुलगी तरी काय करणार? घर दुरुस्त झाल्यावर एकदा आणून बघू, नाही राहिले तर वृद्धाश्रम, असं ठरलं होतं.

"संतोष, सगळं होतं तसं कर हां," आंटी रोज सांगायच्या. "त्यांनी ओळखलं पाहिजे रे."

पुढच्या कोपऱ्यात काय होतं ते मात्र आंटींनाही माहीत नव्हतं. त्या लग्न होऊन आल्या तेव्हापासून ती जागा मोकळीच. मी म्हटलं, फूलच असणार, दुसरं काय!

आता कामाची पद्धत सांगतो, कारण सगळी गोम तिथेच आहे. सारखी नक्षी हवी असेल तर आम्ही दोन फळ्या एकावर एक ठेवून खिळ्यांनी पकडतो आणि मशीनने एकदमच कापतो. दोन्ही हुबेहूब निघतात. तसंच केलं. पाकळ्यांचे कापलेले तुकडे खाली पडले, ते मी स्वतः उचलून डब्यात टाकले... लहान तुकडे कुठे ना कुठे कामाला येतात. एक फळी विहिरीकडे बसवली, दुसरी पुढच्या कोपऱ्यात. मग आंटींनी हाक मारली म्हणून स्वयंपाकघरात जेवायला बसलो. बोंबलाचं कालवण होतं, दाबून जेवलो.

जेवून बाहेर आलो, रंगाचा डबा उघडला, वर बघितलं — कोपऱ्यातल्या फळीत फूल नाही. कोंबडा!

तुरा, वर उचललेली शेपटी, डोळ्याच्या जागी बारीक भोक. माझं डोकंच फिरलं. ओरडलो, "आंटी, फळी कोणी बदलली?"

त्या दारात आल्या. "अरे मी तुझ्याबरोबर जेवत होते ना? आणि शिडीवर मी चढणार? गुडघे बघ माझे!"

शिडीवर चढलो. स्क्रू माझेच. मागे माझी पेन्सिलची खूणही तशीच. पाकळ्यांच्या जागी जिथे भोकं होती, तिथे लाकूड भरलेलं. जोड नाही, फट बुजवायची लांबी भरलेली नाही, लाकडाच्या रेषा सलग पुढे गेलेल्या. सरळ पळत विहिरीकडे गेलो. तिथल्या फळीत फूल. डबा उघडला. पाकळ्यांचे तुकडे सगळे डब्यात!

कापून काढलेलं लाकूड माझ्या हातात, आणि तेच लाकूड वर फळीतही? मी फळी उतरवतो म्हणालो. आंटी वर बघतच म्हणाल्या, "राहू दे."

पुढच्या रविवारी चर्चमध्ये मिसा झाल्यावर मुलगी अंकलना घेऊन आली. फाटकातच त्यांनी अंग आखडलं. "कुनाचं घर हे? मला नाय यायचं." मुलीचे डोळे भरले. आंटींनी माझा हात घट्ट धरला होता.

आणि अंकलनी मान वर केली.

"अगो बाय... कोंबडा आला परत!" असं म्हणून लहान मुलासारखे खदखदून हसले. मुलीचा हात सोडून स्वतःच पायऱ्या चढले आणि त्या कोपऱ्याखालच्या खुर्चीत जाऊन बसले. मग आंटींकडे बघून अगदी अदबीने म्हणाले, "तुमी कोन? बसा ना. आमचंच घर हाय."

आंटी बसल्या. हसत होत्या की रडत होत्या, मला कळलं नाही.

अंकल आता तिथेच राहतात. वृद्धाश्रमाचा विषय मिटला. जाणत्या मिस्त्रींना मी दोन्ही फळ्यांचे फोटो दाखवले. ते म्हणतात, तूच चुकून वेगळी कापली असशील. अहो, खिळ्यांनी जोडलेल्या दोन फळ्या वेगळ्या कापून दाखवा मला! मी स्वतःशी हजारदा भांडलोय.

मध्ये रंगाचा हात मारायला गेलो होतो. निघताना आंटींनी विचारलं, "संतोष, ते तुकडे आहेत ना रे अजून?"

"आहेत."

"टाकू नकोस हां." मग खुर्चीतल्या अंकलकडे बघत हळूच म्हणाल्या, "कापून पडलेलं लाकूड जाग्यावर आलं. मग ह्यांना मी का नाही आठवणार?"

डबा अजून माझ्याकडे आहे.