दोन बादल्या गरम पाणी

कुठलीही वस्तू समोर आली की बॉयलरवाले आधी तिला उलटा हात टेकवून बघायचे. ताप आलेल्या मुलाच्या कपाळाला लावतात ना, तसा. जिन्याचा कठडा, माझ्या स्कूटरची सीट, दुपारच्या उन्हात तापलेली गच्चीची भिंत. मग म्हणायचे, "तापवणं सोप्पं हाय, सेक्रेटरी साहेब. धरून ठेवणं अवघड."

मी तेव्हा बेलापूरला सरकारी नोकरीत होतो आणि आमच्या चार मजली सोसायटीचा सेक्रेटरीही होतो. मी पहिल्या मजल्यावर, ते माझ्या डोक्यावर दुसऱ्या मजल्यावर. सातारा भागातले. महाप्याच्या एका कारखान्यात वीस-बावीस वर्षं बॉयलरवर होते, म्हणून बिल्डिंगमध्ये सगळे त्यांना बॉयलरवाले म्हणायचे. पुढे कारखाना बंद पडला आणि कामगारांचे पैसे कोर्टात अडकले. तेव्हापासून ते मिळेल तिथे पंप आणि पाइप दुरुस्त करून घर चालवत होते.

नवी मुंबईत कसली आलीय थंडी, असं तुम्ही म्हणाल. पण आमची बिल्डिंग डोंगराच्या पायथ्याशी होती आणि समोरून खाडीचा वारा यायचा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे टाकीचं पाणी अंगावर घ्यायची हिंमत होत नसे. आम्ही गिझरचं बटण दाबायचो आणि विसरून जायचो. त्यांना विसरता येत नव्हतं. त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, संधिवात होता. सकाळी उठल्यावर त्यांच्या हातांच्या मुठी वळलेल्या असायच्या. कढत पाण्यात अर्धा तास हात बुडवून ठेवले की एकेक बोट सुटायचं. मग गुडघे शेकायचे. तेवढं झालं तरच त्या दिवसभर उभ्या राहू शकत. दोन बादल्या पाणी, रोज, तेही पहाटे.

पहिल्या थंडीत त्यांनी गिझर वापरला. लाइट बिल बघून बंद केला. मग स्टोव्ह पेटवला, तर रेशनचं रॉकेल दहा-बारा दिवसांत संपलं. गॅसवर तापवावं, तर नंबर लावल्यावर पुढचा सिलिंडर यायला महिना जायचा आणि तोपर्यंत स्वयंपाक कशावर करणार? एका सकाळी ते माझ्या दारात आले. "साहेब, मी हजार माणसांच्या कारखान्याला वाफ पुरवली. आन् घरात एका बाईचे हात शेकायला पानी तापंना." एवढंच बोलले आणि वर निघून गेले.

दिवाळीनंतर ते गच्चीवर काहीतरी ठोकाठोकी करताना दिसू लागले. भंगारातून एक पत्र्याचं पिंप आणून त्यांनी ते काळं रंगवलं. खोक्यांच्या फळ्यांची मोठी पेटी केली, पिंप तिच्यात ठेवलं, भोवती लाकडाचा भुसा ठासून भरला. वर जुन्या खिडकीची काच. दुपारपर्यंत पाणी उन्हाने तापायचं. ऊन उतरायच्या आत ते काचेवर गोधड्या आणि गोणपाटं घालून पेटी बंद करायचे. पहाटे उघडली की पाण्यात हात घालवत नसे इतकं नाही, पण चांगलं गरम असायचं. मी स्वतः हात घालून पाहिलंय.

"फुकट हाय बगा हे सगळं," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा मोकळेपणाने हसताना पाहिलं. त्या महिन्यात काकू एकदा स्वतः आमच्याकडे तिळाची चटणी घेऊन आल्या. वाटी त्यांनी एका हाताने धरली होती. माझ्या बायकोच्या ते लक्षात आलं, माझ्या नाही.

जानेवारी लागला आणि चौथ्या मजल्यावरच्या वकिलांच्या छताला ओल आली. त्यांनी लेखी तक्रार दिली. गच्ची सगळ्यांची, तिथे एकाने पिंप ठेवलं, त्याच्या वजनाने स्लॅब खराब झाला. मीटिंग बोलावली. बॉयलरवाले इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि शेवटपर्यंत उभेच राहिले.

"गळती पिंपाची न्हाई," ते म्हणाले. "सोसायटीच्या टाकीचा खालचा जॉइंट पाझरतोय. वर चला, हात लावून बगा. आत्ता चला."

कोणी उठलं नाही. रविवार होता, जेवणं व्हायची होती. वकील म्हणाले, "उद्या कोणी गच्चीवर तबेला बांधेल." लोक हसले. मग बॉयलरवाले माझ्याकडे वळले. "साहेब, जानेवारी जाऊ द्या. फेब्रुवारीच्या एक तारखेला मीच काढतो. तिचे हात न्हाई हो उघडत."

खरं सांगतो, गच्चीवर जाऊन यायला मला दहा मिनिटं लागली नसती. पण वकील अडचणीच्या वेळी सोसायटीचे कागद फुकट करून देत, आणि मला वाद नको होता. "बहुमताचा निर्णय आहे," मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून नोटीस टाइप केली आणि खाली सही केली. आठवड्याची मुदत संपल्यावर दोन मजूर बोलावून पेटी उतरवली. उतरवताना काच फुटली. ते जिन्यात बसून काचा गोळा करत होते. मी त्यांच्या बाजूने खाली उतरलो आणि ऑफिसला गेलो.

त्यानंतर ते पहाटे बिल्डिंगच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर तीन विटा मांडून पाणी तापवू लागले. जळणाला पेटीच्याच फळ्या होत्या. त्या संपल्या तेव्हा रस्त्याकडेची लाकडं, नारळाच्या करवंट्या, काय मिळेल ते. उजाडता उजाडता दोन्ही हातांत कढत पाण्याच्या बादल्या घेऊन ते जिना चढायचे. माझ्या दारावरून जाताना बादलीच्या कड्यांचा आवाज यायचा. मी अंथरुणात पडून ऐकायचो.

एका सकाळी तो आवाज अर्ध्यावरच थांबला आणि जिन्यात काहीतरी जोरात आपटलं. मी दार उघडलं. ते पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये पडले होते. पाण्याची वाफ जिनाभर झाली होती. पँट मांडीपासून पायाला चिकटली होती. त्यांना ओरडताही येत नव्हतं. मला बघून म्हणाले, "एक बादली हाय का भरलेली?"

वरून काकूंचा आवाज येत होता. त्या दाराच्या आत होत्या. दार ओढलं की लॅचची कडी आपोआप बसायची आणि वळलेल्या बोटांनी त्यांना ती काढता येत नव्हती. "काय झालं? अहो, काय झालं? बोला की!" त्या दारावर मनगटं आपटत होत्या. माझ्या बायकोने बाहेरून सांगितलं, "काकू, कोपराने ढकला, कोपराने." बराच वेळ लागला. दार उघडलं तेव्हा त्यांच्या कोपराला रक्त आलं होतं.

मी बॉयलरवाल्यांना रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं. तिथे ते जवळजवळ महिनाभर होते. त्या महिन्यात माझी बायको रोज सकाळी आमच्या गिझरचं पाणी वर घेऊन जायची आणि काकूंचे हात शेकून द्यायची. पहिल्या दिवशी खाली आली, रिकाम्या बादल्या मोरीत ठेवल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "दोन बादल्या पाणी. एवढंच होतं ना?"



ते घरी आले ते काठी टेकत. पंपाच्या कामाला आता उकिडवं बसता येणार नव्हतं. मी भेटायला गेलो. म्हणालो, "पुढच्या थंडीत पिंप परत बसवू. मी स्वतः मीटिंगमध्ये बोलतो." त्यांनी माझ्यासाठी खुर्ची पुढे केली.

"र्‍हाऊ द्या, साहेब. खोली विकायचं ठरलंय. गावाला भाऊ हाय, सरपण तरी मिळंल." मग म्हणाले, "सोसायटीच्या दाखल्यावर तुमची सही लागंल."

ती सहीही मीच केली. एप्रिलमध्ये टेम्पो आला. सामान फार नव्हतं. काकू ड्रायव्हरशेजारी बसल्या. एवढ्या उन्हाळ्यातसुद्धा त्यांनी हातांना टॉवेल गुंडाळला होता. माझ्या बायकोने खिडकीतून आत हात घालून त्यांचे हात धरले. मी टेम्पोमागे उभा राहून उगाच दोरी ओढून बघत होतो.

पावसाळ्यात वकिलांच्या छतातून धार लागली. प्लंबर गच्चीवर गेला आणि पाच मिनिटांत खाली आला. टाकीचा खालचा जॉइंट सडला होता. "दोन वर्षं तरी पाझरत असंल," तो म्हणाला. पाइप बदलला आणि ओल गेली. पुढच्या मीटिंगमध्ये मी हे वाचून दाखवलं. वकील म्हणाले, "चला, सुटला प्रश्न." मी पुढचा विषय वाचायला घेतला.

मी त्यांना पत्र लिहायला घेतलं. चार वेळा फाडलं. शेवटी गणपतीच्या सुमारास लिहिलं, की गळती टाकीचीच होती, तुम्ही म्हणत होता तेच खरं, मी वर यायला हवं होतं.

उत्तर आलं ते थंडी संपता संपता. पोस्टकार्ड होतं, अक्षर मोठं, शाळकरी:

'साहेब, पाइप बदलला हे बरं केलंत. पुन्हा कधी काम निघालं तर जॉइंटला युनियन नट टाकून घ्या, उघडायला सोपं जातं. ही मार्गशीर्षात गेली. आता पाणी तापवावं लागत नाही. वहिनींना नमस्कार.'

माझ्या बायकोने ते वाचलं. मग आणखी काही लिहिलंय का म्हणून कार्ड उलटं केलं. मागे फक्त आमचा पत्ता होता.