सुगंधाची भैरवी

"गो सुगंधा, खंयपर्यंत इली तुजी भैरवी?"

"चवथ्या ओळीर आसा."

"गेल्या वर्साक पण थंयच होती मगे!"

"गेल्या वर्साक तिसरे ओळीचो शेवट होतो. तुका काय कळता त्यातला, अक्षया? तू आपले गर सोल."

मसुऱ्याच्या काजू कारखान्यात सोलणीच्या लांब टेबलाशी अठरा बायका बसतात. गरावरचं तांबडं साल सुरीच्या टोकानं काढायचं आणि गर अख्खा ठेवायचा, एवढंच काम. हात गुंतलेले, तोंडं मोकळी. त्या मोकळ्या तोंडांना सव्वीस वर्षं पुरून उरलेला विषय म्हणजे सुगंधाची भैरवी.

झालं होतं ते असं. सुगंधाच्या लग्नाला दोन वर्षं झालेली, मांडीवर झील, आणि माहेरी डबलबारीचं, म्हणजे दोन बुवांच्या चढाओढीचं भजन. वेंगुर्ल्याकडचे एक बुवा आलेले. शेवटची भैरवी म्हणण्याआधी त्यांनी नुसतीच पेटी वाजवली, चार ओळींची एक गत. मृदंगवाल्यानंही हात मांडीवर ठेवले. सुगंधाचा झील रडत होता तो गप्प झाला, असं ती सांगते. तो झील आता कुडाळला गॅरेज चालवतो आणि म्हणतो, "माका झोप लागली आसतली."

पुढे माहेरच्या मंडळानं नवी पेटी घेतली, तेव्हा जुनी पेटी सुगंधाच्या भावानं टेम्पोतून, भाताच्या गोणींवर बसवून तिच्याकडे पाठवून दिली. तिची एक काळी पट्टी दमट हवेत खाली जाते ती वर यायचं नाव घेत नाही. त्या पेटीवर सुगंधा भजनं शिकली, गजर शिकली, गावच्या महिला मंडळाची पेटीवाली झाली. पण ती गत काही बोटांत येईना. ऐकलेली त्या एकाच भजनात. पहिली ओळ पटकन सापडली, दुसरीला सात वर्षं लागली. चौथ्या ओळीत सूर वरून खाली धावत येतात आणि तिथं सुगंधाचं करंगळीशेजारचं बोट दर वेळी अडखळायचं. काजू सोलताना हेच बोट गराला टेकू देतं. तिथं ते चुकत नाही. पेटीवर आलं की त्याला काय होतं, देवाला ठाऊक.

तिचा घोव गंगाराम कलमांच्या बागेतून आला की पडवीत बसून ऐकायचा आणि म्हणायचा, "तुजी भैरवी आयकली की माका भूक लागता."

यात गंगारामाचा दोष नाही. इकडे भैरवी म्हणजे भजनाचं दार ओढून घेणं. ती झाली की पुढे कुणी काही म्हणायचं नाही. उठायचं, आरती घ्यायची, मग प्रसाद, मग काळ्या वाटाण्याची उसळ. भैरवी आणि उसळ यांच्या मधे काही येऊ शकतं, हे गंगारामाच्या पोटाला कधी पटलंच नाही.

यंदा आषाढात मात्र ते बोट सुतासारखं सरळ चाललं. एकदा, दोनदा, ओळीनं नऊ वेळा. सुगंधानं सुनेला, संचिताला, चुलीपुढून ओढत आणून ऐकवलं. संचिता म्हणाली, "आई, मस्त! आता फोनात रेकॉर्ड करूया."

"फोनात कित्याक? माका माणसांत वाजवची आसा. चवतीक. माणसा बसलेली होयीत आणि कोण उठान जाता नये. मगे ती माजी झाली."

ती काशीबाईंकडे गेली. काशीबाई मंडळाच्या म्होरक्या, बाई असूनही गावानं त्यांना बुवाच केलेलं. कारखान्यातही त्या सुगंधाच्या समोरच बसत.

"बुवा, यंदा शेवटाक माका तीन मिनटा दी."

"घे गो. तीन सोड, चार घे," काशीबाई म्हणाल्या. त्या खुशीत होत्या, कारण त्यांनी स्वतः नवी गौळण बसवली होती. चार महिने पाठ करत होत्या, अगदी गोठ्यातसुद्धा.

चतुर्थीला मंडळ दुपारपासून रात्रीपर्यंत घरं घेतं. पहिल्या दिवशी पहिल्या घरात शेवट आला, सुगंधानं बोटं मोडून सरळ केली, आणि यजमानीण बाई टोप घेऊन दारात उभी: "उसळ निवता हां!" झालं, काशीबाईंनी दोन ओळींत भैरवी उरकली. दुसऱ्या घरी भटजींना पुढच्या घरी जायचं होतं. तिसऱ्या घरी शेवटालाच वीज गेली, आणि अंधारात सगळ्यांना आपापल्या चपला आठवल्या. असं करत पाच दिवसांत तेरा घरं झाली. तेरा वेळा सुगंधाची बोटं पट्टीवर गेली आणि तेरा वेळा परत आली.

"फुडल्या वर्साक वाजव," काशीबाई म्हणाल्या. "सव्वीस वर्सा रवलंस, अजून एक."

ते वाक्य सुगंधाला झोंबलं.

चौदावं आणि शेवटचं घर हरिश्चंद्र आजोबांचं. संध्याकाळी त्यांच्या गणपतीचं विसर्जन. फळापानांनी सजवलेल्या माटवीखाली गणपती, पुढच्या अंगणात, खळ्यात, पन्नास माणसं, मुंबईहून आलेले पाहुणे धरून. काशीबाईंनी पदर खोचला. नवी गौळण त्यांनी मुद्दाम या घरासाठी राखून ठेवली होती. मंडळातली दिव्या मृदंग सुरात लावत होती आणि सुगंधा तिला सूर देत होती. माणसं नुकती बसलेली, सगळ्यांची तोंडं मंडळाकडे, उसळ अजून चुलीवर. सुगंधानं एकदा सगळीकडे पाहिलं. सव्वीस वर्षांत असं तिच्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

आणि तिनं भैरवी सुरू केली.

काशीबाईंना वाटलं, पेटी तपासतेय. दुसऱ्या ओळीला त्यांनी कोपरानं ढोसलं. तिसऱ्या ओळीला "गो, गो, गो!" केलं. सुगंधा तिथं नव्हतीच. चौथी ओळ आली, सूर वरून सुटले, आणि ते बोट इतकं साळसूद चाललं की जन्मात कधी अडलं नसावं. दिव्याचे हात मांडीवर. पाहुण्यांतलं एक पोर कुरकुरत होतं, तेही थांबलं. कोणी उठलं नाही.

शेवटचा सूर विरतोय तोच आतल्या खोलीतून हरिश्चंद्र आजोबा बाहेर आले. वय नव्वद, डोळे अधू, कान तयार. "झाला भजन? बरा झाला. चला, आरती घेवया!" आणि उत्तराची वाट न पाहता त्यांनी घंटा वाजवून आरती धरली.

आता आरती उठली की ती बसवता येत नाही. पन्नास माणसं उभी राहिली, काशीबाईही राहिल्या. तोंड उघडून त्यांनी आरती म्हटली, पण डोळे सुगंधावर. आरतीमागून प्रसाद आला, प्रसादामागून उसळ. विसर्जनाची घाई झाली. एक अभंग नाही, गजर नाही, गौळण नाही. पाहुण्यांतली एक बाई म्हणाली, "किती सुटसुटीत भजन करता हो तुम्ही!"

काशीबाई आठ दिवस सुगंधाशी बोलल्या नाहीत. समोरासमोर बसून, एकाच परातीतले गर उचलत, नाहीच. टेबलाला मात्र सण झाला. कुणी डबा लवकर उघडला की अक्षया ओरडायची, "सुगंधाची भैरवी झाली गो!" कामाच्या पाळीच्या सुरुवातीलाच कुणी घरी जायची गोष्ट काढली, तरी तेच.

नवव्या दिवशी काशीबाईंनी सुरी खाली न ठेवता तोंड उघडलं. "फुडल्या वर्साक तू झांजो वाजव. पेटी दिव्याक."

"बरा."

"माजी गौळण गिळलंस."

"गिळलंय. चुकला माजा."

काशीबाईंनी परातीतून पुढचा गर उचलला.

"पण चवथ्या ओळीत खाली इलंस, ता बरा इलंस."

सुगंधाची मान वर झाली. "आयकलंस तू?"

"मगे? माजे कान काय उसळीत होते?" काशीबाईंनी सोललेला गर बाजूला टाकला. "सुटलंस एकदाची. आता गप रव."

सुगंधा गप्प राहिली नाही. "बुवा, एक सांगाचा रवला. त्या बुवांनी ती दोनदा वाजवलेली. दुसऱ्या खेपेक दुपटीन, दुप्पट बेगीन."

"दुपटीन?"

"म्हणजे अर्धीच झाली माजी."

सगळं टेबल हसलं. हसता हसता अक्षयाच्या हातचा गर मोडला. काशीबाईंनी कपाळावर हात मारला, "आणखी सव्वीस वर्सा!" आणि तोच हात पुढे करून भरलेली नवी परात सुगंधापुढे ढकलली. सुगंधानं सुरी घेतली, करंगळीशेजारच्या बोटाचा टेकू दिला आणि पहिला गर सोलायला घेतला.