बिलातली खोट

आयुष्यातल्या माझ्या पहिल्या बिलानुसार मीच गिऱ्हाइकाला बावीस रुपये देणं लागत होतो.

नव्वदच्या दशकात सुरतेत मी लग्नांमध्ये फोटोग्राफरच्या मागे लाइट धरायचो. पैशांचं निघालं की लाजत "द्या तुमच्या मर्जीने" म्हणायचो आणि चहा पिऊन घरी यायचो. स्वतःचा फ्लॅश घ्यायचं स्वप्न त्या चहात बुडत चाललं होतं. शेवटी कतारगामच्या स्टुडिओवाल्या जयंतीभाईंनीच, तीन लग्नं झाल्यावर, मला दम भरला: चोख बिल आण, तरच पैसे.

माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. म्हणून बिल लिहायला बसले आबा, म्हणजे माझे वडील. धुळ्याकडून आल्यापासून ते गोडादऱ्याला लूमवर होते. तिथे ताका, म्हणजे कापडाचा तागा, मोजायचा, कापडातली खोट शोधायची, तेवढे पैसे कापायचे, उरेल ती मजुरी. खोट न कापलेला हिशेब त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. आणि माझी प्रत्येक खोट त्यांना तोंडपाठ होती. घरच्यांना हसवायला जेवताना मीच रंगवून सांगायचो ना!

मी शहाणा, ते बिल न वाचताच नेऊन दिलं. जयंतीभाई चष्मा लावून मोठ्याने वाचू लागले. तीन लग्नं, साडेचारशे. खाली, मोत्यासारख्या अक्षरात: लाइट पाडला, दोनशे कमी. नऊ फोटो अंधारे, नव्वद कमी. नवरीच्या मामांच्या डोक्यात स्टँड, दीडशे कमी (हे तर जयंतीभाईंना माहीतच नव्हतं!). बासुंदी दोनदा, बत्तीस कमी.

"तारा बापुजीने बोलाव," जयंतीभाई म्हणाले, म्हणजे वडिलांना बोलावून आण.

आबा धुवट सदरा घालून निघाले. मी वाटभर कुरकुरत होतो, की असं कुणी स्वतःच्या बिलात लिहितं का?

"मालमा खोट निंघनी ते कापानी पडस," आबा म्हणाले. "रीत शे."

स्टुडिओत त्यांनी खिशातून बावीस रुपये काढले आणि मोजून टेबलावर ठेवले. जयंतीभाईंनी ते उचलले. मग त्यांनी ते परत आबांच्या हातात दिले, वर पुरते साडेचारशे ठेवले.

"काका, त्रीस वरसथी धंधो करुं छुं. आवुं बिल कोई नथी लाव्युं."

ते बिल त्यांनी टेबलाच्या काचेखाली सरकवलं. मला आबांचा इतका अभिमान वाटला, की माझे सगळे पराक्रम आता येणाऱ्याजाणाऱ्याला वाचायला मिळणार, हे लक्षातच आलं नाही. बाहेर आल्यावर आबांना एकच काळजी होती.

"मामाना डोकाले आते कसं शे?"

त्या पैशांत फ्लॅश आला. आज आबा नाहीत, त्यांची फार आठवण येते. माझ्या प्रत्येक बिलात मात्र शेवटी 'खोट' अशी एक ओळ असतेच. तिथे काय लिहावं हा प्रश्न मला आजवर एकदाही पडलेला नाही!