शेवटी कोण जेवतं?

वस्तीतल्या बायकांची बैठक घेताना मी गेली बावीस वर्षं आधी एकच प्रश्न विचारते, "तुमच्या घरात सगळ्यांत शेवटी कोण जेवतं? हात वर करा." बायका एकमेकींकडे बघून हसतात आणि मग हळूहळू सगळे हात वर जातात.

काल आमच्या संस्थेची वार्षिक सभा होती. दुपारी पहिल्या पंगतीला संचालक, विश्वस्त, प्रकल्प समन्वयक असे सगळे पुरुष बसले. समन्वयक माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. समाजकार्याची पदवी आमची दोघांची एकच. गृहभेटीला गेल्यावर परक्या घरात बोलणं कुठून सुरू करायचं, हे त्याला मीच शिकवलं. "ताई, तुमच्या हातचं वाढणंच वेगळं हो," तो ताटावरून मान वर करून म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला, म्हणून रागही धड येईना. शिवाय आम्हां कार्यकर्त्या बायकांना वाढायला कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही आपणहून उठलो होतो. पदर कमरेला कधी खोचला, तेही कळलं नाही.

आमची जेवायची पाळी आली तेव्हा पातेल्याच्या तळाशी करपलेली भाजी तेवढी उरली होती. नवीनच लागलेली सुरेखा म्हणाली, "ताई, आपला तो प्रश्न आज इथे विचारू या का?"

कुणी हसलं नाही. हात वर करायचा तर मला पळी खाली ठेवावी लागली असती, आणि अजून दोघींना वाढायचं राहिलं होतं.