पाणी दिलं, परवानगी नव्हे

अ‍ॅड. मधुसूदन टाकळकर यांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते आमच्या उंबऱ्याबाहेर उभे होते. "माउली, आत येऊ का?" त्यांनी आईला विचारलं. आईने मान डोलावली, पण पाणी काही दिलं नाही. आमच्या नेवासा तालुक्यात दारी आलेल्याला पाण्याचा तांब्या न देणं म्हणजे कहरच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याला कारण होतं. गावातल्या विहिरीवरची मोटार चोरीला गेली आणि संशय माझ्या भावावर आला. भर दुपारी तीन पोलीस घरी आले. आई एकटी होती. रिवाजाप्रमाणे तिने पाणी दिलं आणि तांब्या ठेवायला आत वळली, तर मंडळी तिच्या मागोमाग थेट स्वयंपाकघरात! धान्याची कोठी, कपाट, माझ्या लग्नासाठी जपलेली पेटी, सगळं उलटंपालटं केलं. सापडलं काहीच नाही. वॉरंट नव्हतं, वॉरंटाविना झडती का, याचं लेखी कारणही नव्हतं. आम्ही तक्रार केली, तर उत्तर आलं, "सदर महिलेने पाणी देऊन संमतीने घरात घेतले."

पुढे खरा चोर सापडला, भाऊ सुटला. आई मात्र एकच घोकत राहिली, "म्याच पानी दिलं. माजंच चुकलं." दारात तांब्या नेणं तिने सोडलं ते सोडलंच.

टाकळकर सरांनी तक्रार धसास लावली. चौकशीत त्यांनी त्या तिघांतल्या फौजदारांना शांतपणे विचारलं, "साहेब, तुमच्या घरी पोस्टमनला पाणी मिळत असेल ना? मग तो तुमचं कपाट उघडतो का?" प्रवेश बेकायदा ठरला, संबंधितांना लेखी समज मिळाली. तो कागद सरांनी स्वतः घरी येऊन वाचून दाखवला, अर्थात आत येऊ का हे विचारूनच. "चूक तुमची नव्हती, माउली. सरकारनेच लिहून दिलंय." आईने तो दोनदा वाचायला लावला आणि पदराने डोळे पुसले. तांब्या मात्र जागचा हलला नाही.

मी वकील झाले ती सरांमुळे. ते रागीट आहेत, तारीख चुकली की ज्युनिअरचं काही खरं नसतं. पण गावोगावी बायकांसमोर बसून तेच सर न कंटाळता सांगतात, "पोलीस आले तर दार अडवू नका, उद्धट बोलू नका, फक्त कागद मागा." विचारल्याशिवाय ते कुठेच पाऊल टाकत नाहीत. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणतात, "माझ्या स्वयंपाकघरातसुद्धा विचारून येतात. भांडी घासू का, एवढं मात्र कधी विचारत नाहीत!"

गेल्या महिन्यात शेजारच्या भांडणाच्या चौकशीसाठी एक महिला हवालदार आमच्याकडे आल्या. उंबऱ्याबाहेर थांबून म्हणाल्या, "मावशी, आत येऊ का?" आई आत गेली आणि कितीतरी वर्षांनी तांब्या भरून दारात आली.

"पानी घ्या आदी," ती म्हणाली. "आत यायचं काय ते मंग बगू."

सर, पंच्याहत्तरीनिमित्त तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आईचा निरोप आहे, आमच्या घरी येताना आता विचारू नका. तुम्ही ऐकणार नाही, हे तिला ठाऊक आहे. तांब्या भरून ठेवलाय.